बांधाच्या पायथ्याशी दर पावसाळ्यात तीच ओल: गळतीचं मूळ कसं शोधायचं आणि धोका वर्गवारी नेमकी कशाची

तलाव भरला की श्रावणात बांधाच्या बाहेरच्या बाजूला, विमोचकाच्या (तलावातलं पाणी शेतीला सोडायचं दार आणि पाईप) तोंडापासून वीसेक फुटांवर, जमीन ओली व्हायची. दिवाळीपर्यंत तिथे पाय रुतायचा, मग सुकायचं. कोणीतरी दोन ट्रॉली मुरूम आणून टाकायचं आणि विषय मिटायचा. पुढच्या श्रावणात ओल परत, पण या वेळी दहा फूट बाजूला. आमच्या गावात हे निदान बारा वर्षं चाललं होतं. मी लघु पाटबंधाऱ्यांच्या कामांवर शाखा अभियंता म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर गावी परतलो, तेव्हा पाणी सोडणारा मुलगा पहिल्याच पावसाळ्यात म्हणाला, "काका, औंदा पण तिथंच पाझरलंय. मुरूम टाकायचा का?"

नाही, मुरूम टाकायचा नाही. या पोस्टचं पहिलं काम हे एवढं सांगणं आहे.

बाहेर येणाऱ्या पाण्यावर माती किंवा मुरूम दाबला की पाणी थांबत नाही, त्याची वाट अडते. आत दाब साचतो, पाझराची रेषा, म्हणजे आतली माती जिथवर भिजते ती हद्द, बांधाच्या पोटात वर चढते आणि पाणी दुसरीकडून फुटतं. ओल दरवर्षी जागा बदलत होती ती आमच्याच मुरुमामुळे. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपणारच, तो त्याचा स्वभाव आहे. पाणी जाऊ द्यायचं आणि माती धरून ठेवायची, दुरुस्तीचं सगळं शास्त्र एवढ्यात आहे.

आमचा तलाव ७२ च्या दुष्काळी कामातला. नाल्याच्या तळापासून बांधाची उंची ९ मीटर, सांडव्याच्या पातळीला पाणी ७ मीटर, साठा साधारण ३ लाख घनमीटर, म्हणजे ३० कोटी लिटर. सांडवा, म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट, ३० मीटर लांब. माणसांनी डोक्यावर पाट्या वाहून हा भराव घातला आणि त्यावर बैलांनी दगडी रोळ ओढला. पन्नास वर्षं तो उभा आहे, याबद्दल त्या हातांचा मान ठेवूनच पुढचं लिहितो.

आधी मोजा, मग बोला

"गळती वाढली" आणि "गळती तेवढीच आहे" ही दोन्ही वाक्यं मोजमापाशिवाय कुचकामी आहेत. आम्ही सुरुवात १५ लिटरच्या बादलीने आणि मोबाईलमधल्या घड्याळाने केली. ओलीचं सगळं पाणी एका छोट्या चरात वळवलं आणि पाईपच्या तुकड्यातून बादलीत घेतलं. पहिल्या वर्षी तलाव काठोकाठ असताना बादली १२ सेकंदांत भरली, म्हणजे सेकंदाला सव्वा लिटर. पुढच्या वर्षी त्याच पातळीला साडेआठ सेकंदांत भरली, म्हणजे पावणेदोन लिटर.

"त्याच पातळीला" हे शब्द महत्त्वाचे. तलाव चढला की गळती वाढते आणि उतरला की कमी होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पातळी तीच असताना गळती वाढली, तर आतली वाट रुंद होते आहे. म्हणून वहीत तीन रकाने पाहिजेतच: तारीख, गेज पट्टीवरची पातळी आणि गळती. चौथा पावसाचा ठेवा, कारण डोंगरउतारावरून बांधाच्या टोकाशी येणारं पावसाचं पाणी पुष्कळदा गळतीच्या नावावर खपतं. पाऊस थांबून आठवडा झाला तरी पाणी येत असेल, तर ते तलावाचं धरा.

दुसरी तपासणी काचेच्या बाटलीची. गळतीचं पाणी बाटलीत भरा, रात्रभर हलवू नका, सकाळी तळ पाहा. स्वच्छ असेल तर फक्त पाणी जातं आहे. तळाशी माती बसली असेल तर बांध आतून वाहून जातो आहे. आम्ही पाच पावसाळे बाटल्या ठेवल्या. चार वर्षं तळ नितळ होता. पाचव्या वर्षी, ऑगस्टच्या मध्यावर, नखाच्या जाडीइतका पिवळसर थर बसला. ती बाटली मी कापडात गुंडाळून थेट कार्यालयात नेली आणि टेबलावर ठेवली. अर्जाला लागले असते त्यापेक्षा कितीतरी कमी दिवसांत लोक बांधावर आले.

पाणी शिरतं कुठून

बाहेर येण्याची जागा दिसते, आत शिरण्याची दिसत नाही. तिचा माग पातळीवरून लागतो. पावसाळा संपल्यावर तलाव उतरतो, तेव्हा रोज गेज पट्टी आणि गळती दोन्ही पाहायची. आमची गळती दोन वर्षं लागोपाठ पट्टीवर ४.१ मीटर आलं की एका दिवसात बंद पडली. पाणी बांधाच्या तळातून किंवा पायातून जात असतं, तर तलाव जवळजवळ रिकामा होईपर्यंत ओल टिकली असती. म्हणजे शिरण्याची जागा ४ मीटरच्या आसपासच होती.

त्याच काळात विमोचकाचं दार घट्ट बंद करून आम्ही आत डोकावलो. ४५० मिलिमीटरचा सिमेंटचा ह्यूम पाईप, माणूस शिरणार नाही. बांबूला मोबाईल बांधून, टॉर्च लावून, चित्रीकरण करत तो आत सरकवला. पाईप आतून कोरडा होता. बाहेर मात्र पाणी वाहत होतं. याचा अर्थ पाणी पाईपमधून नव्हे, पाईपच्या अंगाला धरून बाहेरून येत होतं. गोल पाईपच्या खालच्या कुशीत रोळ पोहोचत नाही, माती तिथे सैल राहते आणि पाणी नेमकी ती जागा धरतं. मातीच्या बांधात सर्वांत जास्त डोळा ठेवायची जागा हीच.

पानशेत आठवा. १२ जुलै १९६१ ला ते धरण फुटलं तेव्हा विमोचकाचं काम अपुरं होतं आणि भराव खचत गेला तो त्याच विमोचकाच्या वरती. खचलेल्या जागेवरून पाणी माथ्यावर चढलं. ते धरण आमच्या तलावाच्या शेकडो पट मोठं, पण मातीचा स्वभाव दोन्हीकडे सारखाच.

म्हणून माथाही तपासला. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी घेतली आणि दर दहा मीटरवर माथ्याची पातळी मोजली. विमोचकाच्या बरोबर वर माथा १४ सेंटीमीटर खाली होता. नुसत्या डोळ्यांना तो सपाटच दिसत होता.

मे महिन्यात पाणी ४ मीटरच्या खाली गेल्यावर आतल्या उताराचं पिचिंग, म्हणजे दगडी अस्तर, त्या पट्ट्यात हलकेच उचललं. विमोचकाचं दार ज्या दगडी विहिरीत असतं तिला लागून एका सुबाभळीचं खोड निघालं, मातीच्या पातळीला कापलेलं. काही वर्षांपूर्वी "बांधावर झाडं नकोत" म्हणून कोणीतरी ती तोडली होती. हेतू चांगला होता, पण मुळं आतच राहिली आणि कुजली. मनगटाएवढं मूळ आतून पोकळ झालं होतं. मी त्यात उसाचं कांडं घातलं, ते हातभर आत गेलं, कुठेही अडलं नाही. तिथून पाणी विहिरीच्या दगडी भिंतीला लागायचं, भिंतीवरून पाईपला आणि पाईपला धरून बाहेर.

झाड रोप असतानाच उपटा. मोठं झालं असेल तर तलाव कोरडा असताना, अभियंता उभा ठेवून, मुळासकट काढा आणि खड्डा थरांनी दाबून भरा. फक्त बुंधा कापणं म्हणजे आठ-दहा वर्षांनी फुटणाऱ्या गळतीची पेरणी.

आणि खेकडे. २०१९ ला तिवरे धरण फुटलं आणि दोष खेकड्यांवर ढकलला गेला, त्यानंतर गावोगाव लोक बांधावर खेकडे शोधत होते, आमच्याकडेही. बिळं सापडली. पण खेकडा ओल असते तिथे राहतो. बाहेरच्या उतारावर त्याचं बीळ दिसलं, तर आधी विचारा की इथे ओल आली कुठून. घुशीचं तसं नाही, ती कोरड्या मातीतही लांब बिळं करते. तिची बिळं मात्र खणून, भरून घ्यावीच लागतात.

"आमच्या धरणाचा वर्ग कोणता?"

ग्रामसभेत हा प्रश्न आला आणि कार्यालयाकडून उत्तर आलं: तलाव लहान आहे, कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. उत्तर खोटं नव्हतं. पण लोकांनी विचारलं होतं ते वेगळंच. या जागी तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आणि अनुभवी माणसांचीही होते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पहिली गोष्ट आकार. धरण सुरक्षा कायदा २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधल्या धरणांना काही अटींवर लागतो, जसं की माथ्याची लांबी निदान ५०० मीटर किंवा साठा निदान १० लाख घनमीटर. आमचा बांध ९ मीटर, म्हणजे बाहेर. सांडव्याचा पूर ठरवण्याच्या आयएस ११२२३ या भारतीय मानकात 'लहान' धरणाचा साठा ०.५ ते १० दशलक्ष घनमीटर आणि पाण्याची उंची ७.५ ते १२ मीटर धरली आहे. आमचा साठा ०.३ आणि उंची ७. आम्ही तर 'लहान' या वर्गातही बसत नाही.

दुसरी गोष्ट प्रकृती. तपासणीत दोष सापडतात आणि त्यांच्या गांभीर्यावर धरण पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीत पडतं. पहिली सगळ्यांत वाईट, लगेच दुरुस्ती मागणारी. ही श्रेणी बदलते. दुरुस्ती केली की सुधारते, हयगय केली की घसरते.

तिसरी गोष्ट धोका, आणि लोक तोच विचारत होते. धोका वर्गवारी बांधाकडे बघतच नाही, ती बांधाच्या खाली बघते. आज बांध ठणठणीत असो वा खचलेला, उद्या तो फुटलाच तर खाली कोण आणि काय आहे, एवढाच तिचा प्रश्न. नाल्याकाठी दहा घरं असतील तर नवा कोरा बांधही जास्त धोक्याच्या वर्गात जातो. खाली मैलभर रान असेल तर गळका बांधही कमी धोक्याच्या वर्गात राहतो. आणि बांधावर एक पाटीही न टाकता वर्ग बदलू शकतो, खाली कोणी घर बांधलं की झालं.

आमच्याकडे तेच झालं होतं. ७२ साली बांधाखाली जिरायत रान होतं. मी बांधापासून नाल्यानाल्याने तीन किलोमीटर चाललो, वही घेऊन. चौदा घरांची वस्ती, त्यातली सहा घरं नाल्याच्या तळापासून माणसाच्या उंचीपेक्षाही कमी वर. एक अंगणवाडी. एक फरशी पूल, शाळेची मुलं जातात तो. दोन पोल्ट्री शेड. आणि दिवाळीनंतर नाल्याकाठच्या सपाट जागेत पडणाऱ्या ऊसतोड मजुरांच्या कोप्या. कोप्या कुठल्याच नोंदीत नसतात. परतीचा पाऊस लांबतो त्या वर्षी तलाव भरलेला आणि खाली कोप्यांमध्ये लेकरं झोपलेली, असे निदान पंधरा दिवस येतात. मोजणी करताना रात्री किती माणसं असतात ते विचारा, दिवसा सगळी रानात असतात.

मग एक हिशेब केला. मातीचा बांध फुटल्यावर सर्वोच्च विसर्ग किती, यासाठी फ्रोलिक यांचं सूत्र जगभर वापरतात: ०.६०७ गुणिले साठ्याचा ०.२९५ वा घात गुणिले पाण्याच्या उंचीचा १.२४ वा घात. सांडवा भरून वाहताना पाणी ८ मीटर धरलं आणि साठा ३ लाख, तर उत्तर येतं सेकंदाला सुमारे ३३० घनमीटर. बातम्यांच्या भाषेत साडेअकरा हजार क्युसेकच्या वर. फरशी पुलाची मोरी ६ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच, तिच्यातून फार तर २७ घनमीटर जाईल. त्याच्या अकरापट पाणी पुलावरून आणि वस्तीतून जाणार. हे सूत्र ढोबळ आहे, उत्तर निम्मं किंवा दुप्पट असू शकतं. निम्मं धरलं तरी ती सहा घरं राहत नाहीत.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालच्या भेंदवाडीतली वीसहून अधिक माणसं गेली. साठा सुमारे अडीच दशलक्ष घनमीटर, म्हणजे साठ्याच्या हिशेबात 'लहान'च. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तिवऱ्याचं नाव घेतलं की माझा घसा दाटतो, कारण तसल्या किती बांधांच्या पाहणीवर माझी सही आहे ते मला आठवतं.

दुरुस्ती आम्ही अशी केली

बांध आपल्या हाताने खणू नका. सिंचन क्षमता १०० हेक्टरपर्यंत असेल तर तलाव सहसा जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतो, त्यावर ६०० हेक्टरपर्यंत मृद व जलसंधारणाकडे, त्याहून मोठे जलसंपदा विभागाकडे. कोणाकडे आहे ते आधी लेखी विचारून घ्या, नाहीतर वर्ष त्यातच जातं. आमचं गेलं.

गढूळ पाणी दिसलं त्या ऑगस्टमध्ये पहिलं काम पातळी उतरवण्याचं होतं. विमोचक उघडून रोज फूटभर, त्याहून वेगाने नाही. पाणी झपाट्याने उतरवलं तर आतला भिजलेला उतार पाण्याचा आधार गेल्यामुळे घसरतो. जिथून गढूळ पाणी येत होतं तिथे उलटा गाळक घातला: खाली फूटभर स्वच्छ जाडसर वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड. पाणी येत राहिलं, पण चार दिवसांत ते नितळ झालं. वाळू कशीही चालत नाही. नियम असा आहे की गाळकातले १५ टक्के कण ज्या आकारापेक्षा बारीक असतात तो आकार, बांधाच्या मातीतले ८५ टक्के कण ज्या आकारापेक्षा बारीक असतात त्याच्या पाचपटीहून मोठा नसावा. मोठा असला तर माती निसटते. क्रशरची वाळू वापरायची असेल तर धुऊन घ्या, तिच्यातली धूळ गाळक बुजवते. प्लास्टिकचा कागद तर अजिबात नको.

पुढच्या मे महिन्यात कायमचं काम झालं. कुजलेलं मूळ पूर्ण काढलं, खड्डा पायऱ्यापायऱ्यांनी मोठा केला आणि १५ सेंटीमीटरचे थर ओलवून, दाबून गाभ्याच्या मातीने (बांधाच्या मध्यात पाणी अडवायला वापरतात ती चिकण माती) भरला. विहिरीच्या भिंतीलगत यंत्र न वापरता हातधुम्मसने ठोकलं. पाईपच्या बाहेरच्या शेवटच्या भागाभोवती वाळूचं कवच घातलं आणि ते पायथ्याच्या चराला जोडलं. पूर्वी पाईपभोवती काँक्रीटच्या कॉलर, म्हणजे पाझर अडवायच्या कड्या, बसवत असत, अजूनही काही अंदाजपत्रकांत त्या दिसतात. मी त्या सुचवत नाही, त्यांच्या कोपऱ्यांत माती नीट दाबता येत नाही. माथ्याचा खळगा भरून वर मुरूम टाकला. माथ्यावर काळी माती कधीच उघडी ठेवू नका. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचं पाणी थेट त्यात उतरतं.

सांडव्याकडे मी आधी लक्षच दिलं नव्हतं. तलाव भरत आला की काही शेतकरी त्याच्यावर दीड फूट उंच वाळूची पोती रचत, महिनाभर जास्त पाणी मिळावं म्हणून. त्यांची गरज खरी आहे. पण हिशेब ऐका. ३० मीटर सांडव्यावरून १.२ मीटर उंचीचं पाणी वाहिलं तर सेकंदाला ६७ घनमीटर पूर जातो. पोत्यांमुळे उंची ०.७५ राहिली तर ३३. पूर तेवढाच, वाट निम्मी, आणि उरलेलं पाणी माथ्यावरून जायला निघतं. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की तो वाचत नाही. हा आकडा मी पारावर बसून तिघांना कागदावर काढून दाखवला. त्यांतल्या एका दादांनी दुसऱ्या दिवशी स्वतः पोती उचलली.

आता रोजचं

चराच्या तोंडाशी पत्र्याची ९० अंशांची व्ही खाच बसवली आहे. खाचेवर पाणी ७ सेंटीमीटर उंच असेल तर गळती सेकंदाला सुमारे १.८ लिटर, ५ ला ०.७७, ४ ला ०.४४. पाणी सोडणारा मुलगा रोज सकाळी पट्टी वाचून वहीत लिहितो.

पाणी अचानक गढूळ झालं, पायथ्याशी वाळू उकळल्यासारखी वर येऊ लागली, माथ्यावर भेग किंवा खळगा दिसला, तर वही बाजूला ठेवायची. आधी खालची वस्ती उठवायची, मग जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन, मग विभागाला. हा क्रम आम्ही ठरवून अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घेतला. सहा घरांपैकी प्रत्येकाला कुठल्या टेकाडावर जायचं ते माहीत आहे, दोनदा रात्री चालून पाहिलं आहे. दुसऱ्या वेळी एक आजी म्हणाल्या, "शेळ्या सोडून मी येणार न्हाई." मग शेळ्यांचा गोठाच त्या टेकाडाच्या वाटेवर हलवला.

वस्तीची मोजणी दर दिवाळीला पुन्हा करतो, कोप्या पडल्यावर. मागच्या खेपेला एक घर वाढलं होतं, नाल्यापासून चाळीस पावलांवर, जोत्यापर्यंत बांधकाम आलेलं. त्या कुटुंबाला नकाशा दाखवला, जोतं चार फूट उंच घ्यायला सांगितलं, पण जागा बदलता आली तर बरं, हेही सांगितलं. त्यांचं अजून ठरलेलं नाही. या श्रावणात तलाव सांडव्याला लागला त्या दिवशी खाचेवर ४ सेंटीमीटर पाणी होतं आणि बाटलीचा तळ नितळ.